रुमालाखालचा भाव

मुरबाडमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा बाजार नाही. गाडी घ्यायची म्हटली की इथले लोक कल्याण, ठाणे नाहीतर पनवेल गाठतात. पण एकाने पळवलेली आणि दुसऱ्याला हवी असलेली वेगवान चीज किती रुपयांना द्यायची-घ्यायची, हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागलं की म्हसा येतं. तिथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर गुरांचा मोठा बाजारही. घोंगड्या, भांडी, पाळणे, तमाशे सगळं असतं. पण आमच्याकडच्या घरांतले कर्ते पुरुष म्हशाला जातात ते मुख्यतः बैल बघायला. त्यातही शेतीचे बैल वेगळे आणि शर्यतीचे वेगळे. शर्यतीच्या बैलांभोवतीची गर्दी लांबूनच ओळखू येते.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी मला माझी पोलो जीटी टीएसआय विकायची होती आणि घेणारा मुरबाडचाच होता. त्या निमित्ताने ‘जुन्या पण वेगवान गाडीची वाजवी किंमत’ या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत गेलो. विमा कंपन्यांची कोष्टकं, न्यायालयाचे निकाल, अर्थशास्त्रातला एक गाजलेला लेख. वाचता वाचता लक्षात आलं की यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा म्हशाच्या बाजारात आधीपासून आहे. फरक एवढाच की तिथे त्याला कोणी थिअरी म्हणत नाही.

दात, शिंगं आणि खोड

बैल बघणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात, म्हणून वय दातांवरून सांगता येतं. एकही पक्का दात नसलेला तो आदत. दोन आले की दुसा, चार आले की चौसा. आठही आले की जुळला. साधारण दोन-अडीच वर्षांपासून पाचेक वर्षांपर्यंतचं वय असं जबड्यात लिहिलेलं असतं. शर्यतींत आदत आणि दुसा असे वेगळे गट असतात, त्यामुळे एका दाताने बैलाची किंमत बदलू शकते.

जुळल्यानंतरचं वय ओळखायला शिंगांवरच्या वळ्या आणि दातांची झीज बघतात. पण शिंगं साळतात, म्हणजे तासून गुळगुळीत करतात. ती शोभेसाठीही साळतात, त्यात गैर काही नाही. मात्र साळलेल्या शिंगावर वळ्या राहत नाहीत. गाडीचं किलोमीटरचं मीटर मागे फिरवणाऱ्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बैलाचं मीटर पुसण्याची सोय त्याच्या किती तरी आधीपासून आहे आणि म्हणूनच जाणता माणूस शिंगं बघून खूश होत नाही, जबड्यात हात घालतो.

दातांनंतर खूर, मग छाती, पाठ, शेपूट, अंगावरचे भोवरे. भोवऱ्यांचं शास्त्र मला पटत नाही, पण ज्याला पटतं तो त्याचे पैसे कापतो, त्यामुळे किमतीपुरतं ते खरंच असतं. शेवटी येतो सगळ्यात अवघड प्रश्न: खोड काय? बैल मारका आहे का, जूवाखाली बसतो का, गर्दीत बुजतो का, दुसऱ्या बैलाबरोबर जुळतो का. हे दातांत दिसत नाही. ते फक्त मालकाला माहीत असतं.

एवढं झाल्यावर बोली सुरू होते. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, आणि विकणारा हातात हात घेतात. वरून उपरणं किंवा रुमाल पडतो. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार, पंजा धरला की पाच. ते शंभर, हजार की दहा हजार, हे समोरच्या जनावरावरून दोघांनाही कळतं. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चालू असतात. मान हलते, हात सुटतो, पुन्हा धरला जातो. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. जमलं तर इसार हातावर पडतो आणि बैलाच्या पाठीवर गुलाल.

लहानपणी मला हे रुमालाचं प्रकरण लबाडीचं वाटायचं. लपवायचं कशाला? पुढे कळलं की त्यात मोठी सोय आहे. चारचौघांत ‘लाख’ म्हणून बसलेल्या माणसाला नव्वदवर येणं जड जातं. रुमालाखाली तो अब्रू न गमावता उतरू शकतो. घेणाऱ्याने कमी सांगितलं तरी बैलाचा आणि मालकाचा जाहीर अपमान होत नाही. आणि सौदा मोडला तर पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा आकडा माहीत नसतो, म्हणून बोली नव्याने सुरू होते. महत्त्वाचं म्हणजे रुमालाखालचे दोन हात सारख्याच अंधारात असतात. माहिती लपलेली असते ती तिसऱ्यापासून.

पळाला म्हणून नाव, पळाला म्हणून झीज

शेतीच्या बैलाचा हिशेब सोपा आहे. तो किती वर्षं औत ओढेल, किती खाईल, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या भागात आणि वर अकोले-इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात डांगी बैल त्यासाठीच नावाजलेला, धो-धो पावसात आणि चिखलात टिकणारा. शर्यतीसाठी मात्र लोकांना सोलापूर-सांगली-साताऱ्याकडचा खिल्लार हवा असतो, पांढरा, उंच, चपळ.

शर्यतीच्या बैलाच्या किमतीत एक गाठ आहे. त्याची किंमत ठरते तो किती मैदानं पळाला आणि किती जिंकला यावर. पण प्रत्येक मैदान त्याच्या पायांतून, छातीतून काहीतरी काढून नेतं. म्हणजे ज्या गोष्टीने त्याचं नाव होतं त्याच गोष्टीने तो झिजतो. न पळालेला खोंड घ्यावा तर वेगाचा पुरावा नाही. पुरावा असलेला घ्यावा तर त्यातला किती वेग आधीच्या मालकाने वापरून टाकला हे कळत नाही.

गाडीचंही हेच आहे, फक्त गिऱ्हाइकाचा कल उलटा असतो. बैल घेणारा विचारतो, ‘किती मैदानं मारली?’ टर्बो गाडी घेणारा विचारतो, ‘जास्त दामटली नाही ना?’ त्याला घाटात सुसाट जाणारी गाडी हवी असते, पण आधीच्या मालकाने ती घाटात सुसाट नेलेली नको असते. म्हणून जाहिरातींत प्रत्येक वेगवान गाडी एखाद्या डॉक्टरने फक्त दवाखान्यात जायला-यायला वापरलेली असते.

नाव ही वेगळीच चीज आहे. २००२ साली सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटकडून फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरच्या सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्कावरून मोठा वाद झाला, शुल्क अखेर कंपनीने भरलं आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाने विकत घेतली. तशीच दुसरी मोडेना शेजारी उभी केली असती, इंजिन तेच, रंग तोच, तरी दोन्हींचा भाव एक झाला नसता. शर्यतीच्या बैलांचंही तेच. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडी होती आणि ती बकासुर आणि महिब्या या जोडीने जिंकली. त्यानंतर या नावांची पोरं मोबाइलवर पारायणं करत होती. तिथे तुम्ही चार पायांचे पैसे मोजत नाही, नावाचे मोजता.

एका निकालाने उतरलेला भाव

भाव फक्त बैलात आणि मालकात नसतो, हे आमच्या घराने जवळून पाहिलं आहे. माझ्या मामाने जानेवारी २०१४ च्या म्हशाच्या यात्रेत एक खिल्लार घेतला. दुसा, एक लाख चाळीस हजारांना. आमच्याकडे बिनजोड शर्यती चालतात, म्हणजे दोन गाड्या थेट एकमेकींविरुद्ध. त्यासाठी मामाकडे एक बैल होता, त्याला जोडीदार हवा होता. मामाने दोन दिवस बाजार फिरून, दात-खूर बघून, दोन जाणत्यांना विचारून बैल घेतला. त्या दिवशीच्या भावाने तो सौदा रास्तच होता, असं आजही सगळे म्हणतात.

शर्यतींवरची बंदी-परवानगी २०११ पासून वर-खाली होत होती. त्या वर्षी ११ जुलैला केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी ज्या प्राण्यांना वापरता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. मग न्यायालयं, स्थगिती, अटी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडी शर्यती, दोन्ही बेकायदा ठरवल्या. प्राण्याला होणाऱ्या वेदनांबद्दल न्यायालयाने जे मांडलं ते वाचल्यावर नुसतं ‘आमची परंपरा’ म्हणून उडवून लावता येत नाही. पराणी टोचणं, शेपटी पिरगाळणं मी मैदानात पाहिलं आहे. पण इथे मला किमतीबद्दल बोलायचं आहे. मामाच्या गोठ्यातला बैल ६ तारखेला जेवढा धावत होता तेवढाच ८ तारखेला धावत होता. दात तेच, खूर तेच. पावसाळ्याआधी एक हेडी येऊन पंचेचाळीस हजार देतो म्हणाला.

पुढच्या वर्षी मार्च २०१५ मध्ये राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने-विरोधात बरंच बोललं गेलं आहे. बाजारात त्याचा एक सरळ परिणाम असा की म्हाताऱ्या बैलाला जी शेवटची किंमत होती ती गेली. गाडीच्या भाषेत सांगायचं तर भंगाराचा भाव शून्य झाला. कुठल्याही जुन्या वस्तूच्या किमतीला खालून आधार असतो तो भंगाराचाच. तो काढून घेतला की वरचा सगळा हिशेब हलतो.

२०१७ मध्ये राज्याने शर्यतींना परवानगी देणारा कायदा केला, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा वैध ठरवला. गावोगावी फटाके वाजले. खोंडांचे भाव चढले. मामाचा खिल्लार तेव्हा दहाच्या आसपास वयाचा, जुळून कितीतरी वर्षं झालेला होता. ऐन उमेदीची सात वर्षं तो भाताच्या चिखलणीत डांगीशेजारी चालला आणि त्या कामात तो डांगीपेक्षा कमीच पडायचा. मामाने त्याला विकला नाही. ‘पंचेचाळीस हजारांत त्याचा भाव होता, त्याची किंमत नव्हती,’ असं मामा म्हणायचा. मामी म्हणायची, ‘आणि पेंडीचा हिशेब कोण ठेवणार?’ दोघांचंही बरोबर होतं.

यातून मी घेतलेली गोष्ट अशी: वाजवी किंमत म्हणजे भविष्याची हमी नव्हे. सौद्याच्या दिवशी दोघांना जे कळण्यासारखं होतं ते दोघांना कळलेलं होतं का, एवढंच तिचं माप आहे.

जेव्हा जुनी गाडी नवीपेक्षा महाग होती

आता बैल गोठ्यात बांधून मोटारीकडे येऊ. कारण किंमत बाहेरून ठरण्याचा प्रकार मोटारींनी आपल्याकडे त्याहून लांबवर भोगला आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडायची, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. देशात गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, उत्पादन परवान्याने बांधलेलं, आयात जवळजवळ बंद. गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. अशा वेळी ज्याच्या हातात गाडी आली तो दुसऱ्या दिवशी ती नव्या गाडीपेक्षा जास्त पैशांना विकू शकत होता. म्हणून १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढला. नवी गाडी मिळालेल्या माणसाला ठरावीक काळ परवानगीशिवाय ती विकता येत नसे. आज आपल्याला ‘शोरूमबाहेर काढली की गाडीचा भाव उतरतो’ हे निसर्गनियमासारखं वाटतं. माझ्या आजोबांच्या पिढीला ते हास्यास्पद वाटलं असतं.

१९६९ मध्ये सरकारने नव्या मोटारींच्या विक्री-किमतीही ठरवून दिल्या. कारखाने सर्वोच्च न्यायालयात गेले. चौकशी आयोग नेमला गेला, प्रत्येक सुट्या भागाचा, मजुरीचा हिशेब मांडला गेला, भांडवलावर किती परतावा रास्त यावर वकील भांडले आणि १९७१ मध्ये निकाल लागला. अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड यांची ‘वाजवी किंमत’ देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ठरत होती! मला त्यातलं एक फार लक्षणीय वाटतं. नव्या गाडीची किंमत खर्चाच्या बाजूने मोजता येते, कारण तिच्यामागे बिलं असतात. जुन्या गाडीमागे बिलं नसतात, इतिहास असतो. तिथे आयोग नेमून उपयोग नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली. गाडीची किंमत सुमारे ४८ हजार होती. मागणी एवढी की पुन्हा रांग लागली आणि रांगेतली जागाच वरच्या पैशांनी विकली जाऊ लागली. १९९० नंतर कंपन्या आल्या, रांगा संपल्या आणि जुनी गाडी प्रथमच खऱ्या अर्थाने जुनी झाली. तिचा भाव आता टंचाईवरून नाही, तिच्या स्वतःच्या अवस्थेवरून ठरायला हवा होता. पण अवस्था ओळखायची कोणी?

लिंबू

जॉर्ज अकेरलॉफ हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ मध्ये दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होता. १९७० मध्ये त्याचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. अमेरिकेत खोड असलेल्या गाडीला लेमन, म्हणजे लिंबू म्हणतात.

त्याचा मुद्दा असा. विकणाऱ्याला खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो, थोडी शंका धरून. त्या किमतीत चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारात येतच नाही. मग बाजारात उरतात त्यांत लिंबांचं प्रमाण वाढतं. घेणारा आणखी खाली येतो. आणखी काही चांगल्या गाड्या निघून जातात. शेवटी बाजारच आंबट होतो. म्हणजे खोड लपवणारा फक्त समोरच्याला फसवत नाही, तो प्रत्येक प्रामाणिक विकणाऱ्याच्या खिशातूनही पैसे काढतो. त्या लेखात भारतातल्या सावकारीचंही उदाहरण आहे: गावातला सावकार व्याज जास्त लावू शकतो, कारण कोण परत करेल हे त्याला माहीत असतं आणि बाहेरच्याला नसतं.

कायदा इथे घेणाऱ्याच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यातलं १६ वं कलम मुळात असंच सांगतं की माल कसा आहे हे घेणाऱ्याने बघून घ्यावं; अपवाद आहेत, पण सुरुवात तिथून होते. प्राचीन रोमच्या बाजारात याच्या उलट नियम होता: जनावर विकणाऱ्याने त्याच्या खोडी आणि रोग आधी सांगायचे, नाहीतर घेणाऱ्याला ते सहा महिन्यांत परत करता येई. आमच्याकडे लिखित नियम नव्हता, पण ओळखीत सौदा असला तर बैल चार दिवस औताला जुंपून बघायचा आणि मग उरलेले पैसे द्यायचे, ही रीत मामाच्या गावात होती. नाहीतर बैल गेल्यावर झोपा करण्यात काय अर्थ?

पोलोचा हिशेब

वेगवान गाड्यांची हौस आपल्याकडे उशिरा आणि थोडक्यांना लागली. २००४ मध्ये स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आली, दीडशे अश्वशक्तीची टर्बो. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. तेव्हापासून चांगल्या जीटीला शोधणारे वाढले आणि विकणाऱ्यांच्या अपेक्षाही.

माझी गाडी २०१७ ची, ७८ हजार किलोमीटर झालेली, एमएच-०५. घेणारा मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा, आमच्याच गावचा चोवीस वर्षांचा मुलगा. दर रविवारी माळशेजला जाणारा. त्याने निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाने काढायची ठरवली होती. ‘दादा, तुम्ही सांगाल ते फायनल,’ असं म्हणाला आणि मला घाम फुटला. अनोळखी माणसाने घासाघीस केली असती तर सोपं गेलं असतं. याने सगळा रुमाल माझ्याच हातात दिला होता.

मी आधी विम्याचं कोष्टक पाहिलं. विमा कंपन्या गाडीची किंमत वयानुसार अशी घटवतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढे? पुढे कोष्टक संपतं आणि कंपनी-मालकाने आपसात ठरवावं असं म्हणतं. म्हणजे तिथेही शेवटी रुमालच. शिवाय या कोष्टकाला गाडी आळंदीला जायची की माळशेजला, याच्याशी देणंघेणं नाही.

मग मोबाइलवरची ॲप. एकाने ४ लाख ३५ हजार दाखवले, दुसऱ्याने ‘५ लाख १० हजारांपर्यंत’. या ‘पर्यंत’मध्ये तपासणीनंतरची सगळी कात्री लपलेली असते. जाहिरातींत तशाच गाड्या ६ ते पावणेसात लाखांना लावलेल्या होत्या. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी. म्हशालाही कोणी सांगतं, ‘याला आठ लाखांची मागणी झाली, दिला नाही.’ मागणी चारचौघांत सांगायची असते. भाव रुमालाखाली ठरतो.

मी डेटाचंच काम करतो, त्यामुळे ॲपवाल्यांचा मला राग नाही. त्यांच्याकडे हजारो गाड्यांचे खरे विक्री-भाव असतात. पण जरा रुमालाच्या नजरेने बघा. म्हशाला दोन हात आत आणि तिसरा बाहेर. इथे विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, दोघेही बाहेर. दोन्हीकडचे आकडे बघणारा तिसराच एकटा आत. मला काय मिळालं हे घेणाऱ्याला कळत नाही, त्याने काय दिलं हे मला कळत नाही. मधला आपलं कष्टाचं मोल घेतो, तपासणी करतो, काही महिन्यांची वॉरंटीही देतो. अकेरलॉफच्या लिंबावर तो उतारा आहेच. फक्त त्या आकड्याला कोणी ‘बाजारभाव’ म्हणून दाखवला तर तो कोणाच्या बाजूचा भाव, हे विचारावं.

शेवटी मी कागदावर साधी बेरीज मांडली. तेवढ्याच वयाची, तेवढीच चाललेली, टर्बो नसलेली साधी पोलो आमच्या भागात चार लाखांच्या आसपास जात होती. तो पाया. ओळखीतल्या दोन खऱ्या सौद्यांवरून जीटीला त्यावर दीड-पावणेदोन लाख मिळत होते. मी १ लाख ६० हजार धरले. हे झाले वेगाचे पैसे. त्यातून ३५ हजार वजा: चारही टायर आणि पुढचं सस्पेन्शन वर्षभरात बदलावं लागणार होतं. आले ५ लाख २५ हजार.

मग खोड. गाडीला मी दीड वर्ष रिमॅप केलेलं होतं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून ताकद वाढवली होती. नंतर मूळचा परत टाकला. स्कॅनर लावून बघणाऱ्या प्रत्येकाला ते दिसेलच असं नाही. मी ते सांगितलं. सर्व्हिसची सगळी बिलं, टायर कधी बदलले, विम्याचा एक क्लेम कशाचा होता, तेही. या मॉडेलमध्ये महागात पडू शकणारा भाग म्हणजे गिअरबॉक्स. माझा व्यवस्थित चालत होता, पण दीड वर्षाच्या जादा ताकदीने तो आतून किती झिजला, हे मलाही माहीत नव्हतं. इथे एक आकडा सांगून मोकळं होता येत नाही. जास्त सांगितला तर त्याच्यावर अन्याय, कमी सांगितला तर माझ्यावर.

उपाय मामाने सुचवला. ‘बैल औताला जुंपून बघायला देतोस ना? मग गाडी पण दे.’ आम्ही असं ठरवलं: ४ लाख ८५ हजार आता, ४० हजार सहा महिन्यांनी. तोवर गिअरबॉक्सचं काम निघालं तर त्या चाळीसातून जाईल; नाही निघालं तर मला मिळतील. कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज आधी भरले आणि मग चावी दिली. मित्रांचं म्हणणं पडलं की मी पन्नासेक हजारांनी स्वस्त दिली. त्या मुलाच्या मित्रांचं म्हणणं पडलं की त्याने महाग घेतली. दोन्हीकडून अशी बोलणी आली म्हणजे आकडा मध्यावर असावा, असा माझा अंदाज आहे.

आकडा आणि अट

एवढ्या इतिहासातून मला एकच सूत्र दिसतं. जिथे वाजवी किंमत म्हणजे फक्त एक आकडा असं मानलं गेलं, तिथे कोणीतरी तो वाकवला: परवान्याच्या काळात रांगेने, आज मधल्या माणसाने. आणि जिथे आकड्याबरोबर अट होती, तिथे तो टिकला. चार दिवस औताला जुंपून बघ. खोड निघाली तर सहा महिन्यांत परत आण. गिअरबॉक्स बोलला तर चाळीस कापून घे. साध्या गाडीला हे एवढं लागत नाही. ती कशी वापरली याने फार फरक पडत नाही. वेगवान चीजेला लागतं, कारण तिची खरी झीज जबड्यातही दिसत नाही आणि स्कॅनरवरही नाही. काही गोष्टी फक्त काळच सांगतो, आणि तो सांगेपर्यंतची जोखीम कोणी उचलायची हेच सौद्यात ठरवायचं असतं.

आता म्हशाच्या बाजारात बैलामागे उभा पोरगा मोबाइल पुढे करतो. त्यात बैलाच्या मैदानांचे व्हिडिओ असतात, ड्रोनने काढलेले, डीजे लावलेले. ती झाली बैलाची सर्व्हिस बुकं. त्यात जिंकलेली मैदानं असतात. हरलेली, अर्ध्यात बसलेला, बिथरून गर्दीत घुसलेला, असा व्हिडिओ कोणी दाखवत नाही.

पुढच्या पौष पौर्णिमेला तिकडे आलात, किंवा जुनी टर्बो बघायला कुठे गेलात, तर व्हिडिओ जरूर बघा, दात बघा, टायर बघा. पण त्याआधी मालकाला सरळ विचारा, ‘खोड काय?’ ‘काहीच नाही’ म्हणाला तर पैसे कापायला सुरुवात करा. आणि एखादी खरी खोड त्याने आपण होऊन सांगितली, तर त्याच्याशी हात धरायला हरकत नाही.